नव्वद दिवसांची मुदत

काडीनं सकाळी सकाळी मामाच्या गळ्यात एक पट्टा अडकवला. पट्ट्याला तळहाताएवढी पाटी, पाटीवर हिरवा दिवा, आणि तो दिवा आपला लुकलुक लुकलुक.

"हे काय लोढणं?" मामा म्हणाला.

"बॅज आहे. इथं प्रत्येकानं आपापला सोल्डर करून बनवायचा असतो. तुझा मी बनवलाय."

"दिवा बंद होतो का? लोक अॅम्ब्युलन्स समजून वाट सोडतील."

"सोडू देत की. आज तुझाच दिवस आहे."

नेमक्या याच दिवसाची मामाला धास्ती होती. तीन आठवड्यांपासून ती मुक्कामालाच होती. आज फक्त उठून बसली.

मामा म्हणजे चावीवाला. पस्तीस वर्षं हेच. चाव्या बनवायच्या आणि अडलेली कुलपं उघडायची. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली फट. एक माणूस बसला की दुसऱ्यानं उभंच राहायचं. आणि काडी ही त्याची भाची. आई गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, तेव्हापासून मामा-मामीकडेच. आली तेव्हा इतकी बारीक होती की मामीनं दारातच "अगं बाई, काडी गं नुसती" म्हणून कपाळावर हात मारला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता काडी अठ्ठावीसची आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये भोकं कुठं आहेत ते शोधायचं आणि त्यांचं त्यांनाच सांगायचं, ही तिची नोकरी. चोर यायच्या आत आपण जाऊन यायचं, असं ती म्हणते. मामीला यातलं ओ की ठो कळत नाही. शेजारणीनं विचारलं की मामी सांगते, "मामाचंच काम करते. फक्त एसीत बसून."

तर हा असल्याच लोकांचा मेळावा होता. तीन दिवस, भलंमोठं सभागृह, सातशे माणसं, निम्म्या जणांच्या अंगात काळे टीशर्ट. सकाळी भाषणं आणि दुपारी विशेष कार्यक्रम. भाषणांना लोक जांभया देत बसतात आणि विशेष कार्यक्रमाला खुर्च्या पकडायला धावतात, हे काडीनंच सांगितलं. ती त्या विशेष कार्यक्रमांची प्रमुख होती. महिनाभर तिला जेवायची शुद्ध नव्हती.

दारात एक मोठा फलक होता. फलकावर मामाचा फोटो. दुकानात बसून, चष्मा नाकावर, हातात कानस. खाली लिहिलेलं: 'मामा विरुद्ध भाची. डोळ्यांवर पट्टी. पाच मिनिटं. दुपारी तीन.'

"फोटो कधी काढलास?"

"तू शिंकायच्या आधी. नंतरचा चांगला नव्हता."

तिनं त्याला सगळीकडं फिरवलं. एका काचेच्या खोलीत एक बाई कानाला फोन लावून पलीकडच्या माणसाशी गोडगोड बोलत होती. वीस मिनिटांत त्याच्याकडून त्याच्या ऑफिसच्या दाराचा गुप्त आकडा काढून घ्यायचा, ही स्पर्धा. पलीकडच्या माणसानं महिनाभर आधीच होकार दिलेला, फक्त फोन कधी येणार ते त्याला माहीत नव्हतं. बाहेर लोक श्वास रोखून ऐकत होते.

"वीस मिनिटं?" मामा म्हणाला. "मामीनं पाच मिनिटांत आकडा काढला असता, वर त्याच्या लेकीचं लग्न कुठं अडलंय तेही."

"मामीला पुढच्या वर्षी आणू या."

पुढं एक भिंतभर पडदा. पडद्यावर नावं सरकत होती आणि नावांपुढं अर्धे झाकलेले पासवर्ड. ज्यानं ज्यानं इथलं उघडं वायफाय बेफिकिरीनं वापरलं, त्याची ही अशी वरात. लोक बोटं दाखवून खिदळत होते. एक जाडजूड गृहस्थ आपलं नाव बघून लाल झाला आणि खांबाआड गेला.

"असं चव्हाट्यावर मांडणं बरं का गं?" मामा हळूच म्हणाला.

"ही गंमत आहे, अर्धं झाकलंय. खरं भोक सापडलं की असं नाही करायचं, मामा. त्याला नियम आहे. आधी मालकाला सांगायचं. एकट्याला, कानात. मग त्याला नव्वद दिवस द्यायचे. तेवढ्यात त्यानं बुजवलं तर उत्तम. नाही बुजवलं तर मग जगाला सांगायचं."

"नव्वदच का?"

"काय माहीत. कबूल करायलाच साठ लागत असतील."

मामा हसला. पण हसताना त्याचा हात आपसूक पँटच्या खिशात गेला. एका खिशात कुलूप होतं. दुसऱ्या खिशात काडेपेटी होती, आणि काडेपेटीत काड्या नव्हत्या.

मग चहा. कागदी कपात वाफाळता चहा ओतून काडीनं दोन कप उचलले आणि "हाय हाय हाय" करत एक मामाच्या हातात कोंबला. स्वतःचा ती या हातातून त्या हातात नाचवत होती. मामानं कप चार बोटांनी घट्ट धरला आणि शांतपणे उभा राहिला. मग तिचं नाचणं त्याच्या लक्षात आलं. त्यानंही कप या हातातून त्या हातात केला आणि म्हणाला, "हाय हाय."

जरा उशीरच झाला म्हणायला.

काडीनं त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या अंगठ्याकडं. अंगठ्यावर टपोरा फोड होता. "हे काय झालं?"

"किटली लागली."

"कधी?"

"अगं लागली कधीतरी. किटलीची काय तारीख लिहून ठेवतात?"

तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती पळाली. मामाचा जीव भांड्यात पडला.

खरी गोष्ट अशी होती की किटली कधी लागली हे मामालाच माहीत नव्हतं. फोड आला तेव्हा कळलं. आठ महिने झाले, त्याच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. आधी करंगळ्या, मग हळूहळू सगळीच. बोटांवर कुणी मेण चढवल्यासारखं. चाव्या बनवणं चालू होतं, कारण ते काम मशीनचं आणि डोळ्यांचं. पण कुलूप उघडणं हे डोळ्यांचं काम नाही. कुलपाच्या पोटात स्प्रिंगवर पाच पिना उभ्या असतात. एका हातानं पट्टीचा हलका ताण द्यायचा, दुसऱ्या हातातल्या हुकानं एकेक पिन वर सारायची. पिन जागेवर बसली की बोटाला कळतं. इतकंसं कळतं, केसाच्या टोकाएवढं. मामाला ते कळेनासं झालं होतं.

आठ महिने तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "हे कापावं लागेल बघा, पर्याय नाही." ज्या माणसानं पस्तीस वर्षं कुलूप कापणाऱ्यांना खाटीक म्हटलं, तो.

डॉक्टरकडं गेला नव्हता. मामीला सांगितलं नव्हतं. आणि काडीला तर नाहीच नाही. कारण काडी जगभर एक गोष्ट सांगत फिरायची.

ती गोष्ट ट्रंकेची. काडी मामाकडं आली तेव्हा तिच्याबरोबर तिच्या आईची एक लोखंडी ट्रंक आली. ट्रंकेला पितळी कुलूप, आणि चावी हरवलेली. महिनाभर ती पोर ट्रंकेला टेकून झोपायची, पण उघडा म्हणायची नाही. एक दिवस म्हणाली. तेव्हा मामानं हत्यारं आणली, ट्रंकेपुढं मांडी घातली आणि डोळे मिटून कुलूप काढलं. निघाल्यावर त्यावर आपली खूण केली, कडीपाशी कानशीची एक तिरकी खाच. उघडलेल्या प्रत्येक कुलपावर तो करायचा ती. मग त्याच कुलपाची चावी बनवून तिच्या हातात दिली. ही गोष्ट काडी कॉलेजात सांगायची, नोकरीच्या मुलाखतीत सांगायची, आणि गेली तीन वर्षं या मेळाव्यात सांगत होती. तिचे मित्र मामाला कधी भेटले नव्हते, पण "डोळे मिटून उघडणारे मामा" म्हणून ओळखत होते.

म्हणून तिनं "या वर्षी तू येच" म्हटल्यावर मामाला नाही म्हणवलं नाही. आणि तिनं पाठवलेल्या कागदात एक ओळ होती: 'येताना स्वतःचं कुलूप आणावं.' ती ओळ वाचून मामाला वाट सापडली.

वाट कसली, आडवाट. दुकानातलं एक भारीतलं कुलूप घेऊन त्यानं त्याच्या पोटातल्या पाचपैकी चार पिना काढल्या. एक ठेवली, अगदीच लाज वाटू नये म्हणून. आता त्यात नुसता हूक घालून फिरवला तरी ते उघडणार होतं. आंधळ्यालाही, बहिऱ्यालाही, आणि मेणाच्या बोटांनाही. या कामाला दोन संध्याकाळी गेल्या, कारण पिना बोटांत आहेत की नाहीत हे त्याला बघावं लागायचं, आणि बघेस्तोवर त्या घरंगळायच्या. एक तर मामीच्या केरसुणीत सापडली. "हा तांदळाचा दाणा पितळेचा कसा झाला?" मामीनं विचारलं होतं. मामानं तो घेऊन काडेपेटीत टाकला. चारही पिना, त्यांच्या स्प्रिंगांसकट, जपून ठेवल्या. फसवायचं असलं तरी कारागीर पिना फेकत नाही.

दुपारी तीनला सभागृह गच्च भरलं. स्टेजवर टेबल, दोन खुर्च्या, आणि माईक घेतलेला एक गोल गोल माणूस. त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला खरं तर माईकची गरज नव्हती.

"मंडळी!" भोंगा गरजला. "उजवीकडं, सलग दोन वर्षं विजेती, आमच्या विशेष कार्यक्रमांची मालकीण! आणि डावीकडं, हिनं हे सगळं ज्यांच्याकडून उचललं, ते! कुलूपवाले मामा! ह्या बोटांकडं बघून घ्या!"

टाळ्या. मामानं बोटं टेबलाखाली घेतली.

काडीनं माईक घेतला आणि ट्रंकेची गोष्ट सांगितली. मामाला त्यातलं निम्मं ऐकूच गेलं नाही, कानात नुसता ठोका. 'डोळे मिटून' एवढं ऐकलं, त्यावर लोकांनी शिट्या मारल्या. ती पुढंही काहीतरी सांगत होती आणि त्यावर सभागृह एकदम गप्प झालं, पण तोवर भोंगा पट्टी बांधायला आला होता.

अंधार. बरं वाटलं. खिशातलं कुलूप मामानं टेबलावर ठेवलंच होतं. आता ते पुढ्यात ओढायचं, जरा कपाळाला आठ्या घालायच्या, दोनेक मिनिटं खाटखूट करायचं आणि उघडायचं. सगळं पाठ होतं.

"डोळे बंद!" भोंगा ओरडला. "आणि आता, आपल्या रिवाजाप्रमाणे, कुलपांची अदलाबदल!"

मामाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अदला... काय?"

"बदल, मामा! तुमचं तिला, तिचं तुम्हाला! स्वतःचं कुलूप तर कुणीही उघडेल हो!"

सभागृह हसलं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. इथल्या लेकराबाळांनाही ठाऊक असलेला रिवाज होता तो. म्हणूनच तो कागदावर कुणी लिहिला नव्हता. टेबलावरून काहीतरी घासत गेलं, काहीतरी घासत आलं. मामाचं पोकळ कुलूप काडीच्या हातात गेलं होतं. आता एक सेकंद. फार तर दोन. ते खटकन उघडणार, भोंगा ते वर धरून दाखवणार, आणि सातशे माणसं, ज्यांचा धंदाच भोकं शोधायचा आहे, ती त्या कुलपाच्या पोटात बघणार.

"वेळ सुरू!"

मामा थिजून बसला.

एक सेकंद गेला. दोन गेले. दहा गेले.

"मामा," शेजारून काडीचा आवाज आला, हसरा, जरासा कापरा. "माझं कुलूप ओळखलंस का?"

"काय ओळखायचंय? कुलूपच आहे ना, साबण तर नाही."

सभागृह खो खो हसलं. काडी हसली नाही. मामाला ते ऐकू आलं, तिचं न हसणं.

त्यानं कशीबशी ताणाची पट्टी लावली, हूक आत घातला. मेण. नुसतं मेण. कुणा दुसऱ्याचेच हात काम करतायत आणि आपण लांबून बघतोय, आणि बघायलाही डोळे नाहीत. पण कान होते. मामाचे कान अजून तिशीतले होते. आणि कानांना शेजारून आवाज येत होता. काडीचा हूक चालला होता. खर्र, खर्र. तिचं का उघडत नाही? उरलेली पिन अडकली की काय? देवा, अडकली असेल तर तुझे उपकार.

मग त्याला तो आवाज कळला. हूक कुलपाच्या आत नव्हताच. ती तोंडापाशी, बाहेरच्या पत्र्यावर हूक घासत होती. खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. ती नऊ वर्षांची असताना त्यानंच तिला हा आवाज ओळखायला शिकवला होता. "हा आला की समज, हात कामात नाही, नाटकात आहे."

काडी नाटक करत होती.

तिला कळलं होतं. आणि ती दोन वर्षांची विजेती, सातशे माणसांपुढं, चार पिना नसलेलं कुलूप पाच मिनिटं उघडता येत नसल्याचं सोंग करत होती. भोंगा टिंगल करत होता, "काय झालं चॅम्पियन? हातात मेंदी लावली का?" लोक हसत होते. ती मधूनच "च्च" म्हणत होती, अगदी खऱ्यासारखं.

मामानं हूक खाली ठेवला. पट्टीच्या आत त्याचे डोळे भरून आले आणि पट्टीनं ते टिपून घेतले. तेवढं एक काम पट्टीनं चांगलं केलं.

"वेळ संपली! बरोबरी! दोघंही चारीमुंड्या चीत!"

पट्टी सुटली. उजेडात मामानं आधी हातातलं कुलूप बघितलं. जुनं पितळी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. कडीपाशी कानशीची तिरकी खाच. ट्रंकेचं कुलूप. त्याचा अंगठा बरोबर त्या खाचेवर होता. पाच मिनिटं तिथंच होता. स्वतःच्या हाताची खूण, आणि अंगठ्याला पत्ता नाही.

भोंग्यानं काडीपुढं हात पसरला. "आण ते राक्षसी कुलूप. न उघडलेलं कुलूप मधल्या टेबलावर जातं, संध्याकाळपर्यंत ज्याला हवं त्यानं हात आजमावावा. नियम आहे."

काडीनं कुलूप खिशात टाकलं. "त्याच्या आधीचा एक नियम आहे."

"कोणता?"

"आधी मालकाशी बोलायचं," ती म्हणाली, आणि मामाचा दंड धरून त्याला स्टेजमागं घेऊन गेली.

मागं सामानाची खोली होती. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, गुंडाळलेले फलक, वायरींची वेटोळी. वरचा दिवा गेलेला. काडीनं दार लावलं. खिशातून कुलूप काढलं, दोन्ही हातांत धरलं, आणि एकदम सरळ उभी राहून नोकरीतल्या आवाजात म्हणाली:

"नमस्कार. आपल्या कुलपात आम्हाला एक त्रुटी आढळली आहे. नियमाप्रमाणे ही माहिती प्रथम फक्त आपल्याला देत आहोत. दुरुस्तीसाठी आपल्याला नव्वद दिवसांची मुद..."

'मुदत' पुरं झालं नाही. 

"काडे," मामा म्हणाला. "कधी कळलं?"

"हूक आत गेल्या गेल्या. रिकाम्या घरात पाय टाकल्यासारखं झालं. आधी वाटलं, मामानं गंमत केली. मग तू ट्रंकेचं कुलूप ओळखलं नाहीस. मग मला तुझं 'हाय हाय' आठवलं." तिनं नाक ओढलं. "किती दिवस झाले?"

"आठ महिने."

"आठ महिने! आणि मी दर रविवारी फोन करते, तर तू मला काय सांगतोस? शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली!"

"झाली होती ना."

"मामा!"

"उघडायचं होतंस," तो म्हणाला. "जिंकली असतीस. माझ्यापायी खोटं कशाला वागलीस? तेही तुझ्या माणसांपुढं."

"राग आलाय मला. खूप आलाय. कुलपाचा नाही, मांजरीचा." तिनं कुलूप त्याच्या तळहातावर ठेवलं. मग ती वळली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. "सांग आता. मी बघत नाहीये."

मामाला हे ओळखीचं होतं. ही त्याचीच रीत. कुणाचंही कुलूप उघडलं, दार असो, कपाट असो, की कडी काढायची आणि आपण तोंड फिरवायचं. आतलं ज्याचं त्याचं. आपलं काम कडीपर्यंत.

तिच्या पाठीकडं बघत त्यानं सगळं सांगितलं. करंगळ्या, मेण, कापलेली कुलपं, केरसुणीतली पिन. आणि शेवटी, जे स्वतःशीही बोलला नव्हता ते. "माझ्याकडं दुसरं आहे काय गं? शिक्षण नाही, काही नाही. बोटं होती. तू जगभर सांगतेस ते बोटांचं सांगतेस. ती गेल्यावर तुझ्या गोष्टीत मामा उरतो कुठं?"

काडी भिंतीशीच बोलली. "तू ऐकलंस का मघाशी, गोष्ट?"

"निम्मी."

"उरलेली निम्मी ऐक मग. कुलूप निघालं, तू मला म्हणालास 'आता तुझं तू उघड', आणि भिंतीकडं तोंड करून बसलास. मी ट्रंक उघडली. आईच्या साड्या काढल्या, वास घेतला, रडले, परत ठेवल्या. दोन तास. मामी जेवायला हाका मारून थकली. तू दोन तासांत एकदाही वळला नाहीस. तुझा पाय झोपला, तू तसाच बसलास." ती थांबली. "लोक बोटांना टाळ्या वाजवतात मामा, ते त्यांचं त्यांना. मी ती गोष्ट भिंतीसाठी सांगते."

 मामानं दुसऱ्या खिशातून काडेपेटी काढली आणि खुळखुळवली.

काडी वळली. "हे काय?"

"दुरुस्ती. नव्वद दिवस कशाला लावायचे?"

दोघं जमिनीवर बसली. दिवा नव्हता, म्हणून मामानं गळ्यातली पाटी काढून कुलपावर धरली. हिरवा उजेड लुकलुकत होता. एकदा दिसायचं, एकदा नाही.

"म्हटलं होतं दिवा बंद कर," मामा म्हणाला.

"हलवू नकोस. पहिली कुठली?"

"सगळ्यात आखूड. नाही, ती नाही, तिची बहीण. हां. स्प्रिंग आधी. दाबू नकोस, पोर झोपवल्यासारखी ठेव."

"मला पोर नाही."

"तो विषय मामीसमोर काढ."

काडीची बोटं आणि मामाची जीभ, असं ते काम चाललं. दुसरी पिन. तिसरी एकदा उडाली, दोघांनी गुडघ्यांवर रांगत ती वायरींतून शोधली. चौथी बसली तेव्हा काडीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि तिच्या बोटाला जे कळलं ते मामाला तिच्या भुवईवर दिसलं. केसाच्या टोकाएवढं.

"बसली," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"कळलं."

मग काडीनं फोन लावून त्याच्या हातात दिला. "मालकिणीलाही कळवावं लागतं. नियम आहे."

"अगं," मामा फोनवर म्हणाला, "ऐक ना, एक सांगायचंय. तसं काही मोठं नाही..."

"बोटांचं ना?" मामी म्हणाली.

मामाचा आ वासला. काडीनं कान फोनला भिडवला.

"तीनदा डॉक्टरची वेळ घेतली आणि तीनदा मोडली," मामीचा आवाज चढला. "म्हटलं आज सांगतील, उद्या सांगतील. भाजलेल्या अंगठ्यानं मिशा पिळत बसणाऱ्या माणसाला मी काय विचारायचं? सोमवारी दहाची वेळ आहे. आता मोडणार नाही. आणि माझ्या केरसुणीत पिना टाकायच्या नाहीत."

खट्. फोन बंद.

"आठ महिने मुदत दिली तिनं," काडी म्हणाली. "आमच्याहून मोठं मन."

संध्याकाळी पाचला मामाचं कुलूप मधल्या टेबलावर गेलं, पाच पिनांसकट. गर्दी जमली. एकानं हात टेकले, दुसऱ्यानं टेकले. मग एक टक्कल असलेला माणूस खुर्ची ओढून बसला तो उठेचना. मामा त्याच्या मागं उभा होता. आधी गप्प. मग राहवेना.

"ताण जास्त देताय."

"तुम्हाला कसं..."

"कुरकुरतंय ते. ऐका की. पट्टीवर माशी बसल्यासारखं बोट ठेवा. हां. आता तिसरीला सोडा, ती बसलीये. चौथी बघा, चौथी लबाड आहे."

दहाएक जण काम सोडून ऐकायला लागले. एकानं मामाला खुर्ची दिली. भोंगा माईक बाजूला ठेवून आला आणि आयुष्यात पहिल्यांदा दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, हे पुढच्या वर्षी तासभर शिकवाल का?"

"बोटं चालत नाहीत माझी," मामा म्हणाला. साध्या आवाजात, वेळ सांगावी तसं. "तोंडानं शिकवेन, चालत असेल तर."

 "आमची तर तोंडंच चालतात," भोंगा म्हणाला.

तेवढ्यात टकल्याच्या हातात खट् झालं. कडी उडाली. सगळे ओरडले, कुणी शिट्टी मारली, सगळी डोकी टेबलावर वाकली. मामानं मात्र सवयीनं तोंड फिरवलं.

तर समोर काडी. तिनंही फिरवलं होतं.

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग काडीला हसू फुटलं, मग मामाला. त्याच्या गळ्यातला दिवा लुकलुकत होता. काडीनं हात पुढं करून त्याचा फोड आलेला अंगठा हलकेच धरला.

"काही कळतंय?"

मामानं खरं ते सांगितलं. "नाही."

"बरं," काडी म्हणाली, आणि हात सोडला नाही.